श्रावणाचा तिसरा दिवस

आषाढ संपत आला की या सदराकडे काही ठरावीक पत्रे येऊ लागतात. उपवासाला साबुदाणा चालतो का, मधुमेह असणाऱ्याने सोमवार धरावा का, भगर खाल्ल्यावर पोट का बिघडते, असे प्रश्न असतात. यंदा त्या गठ्ठ्यात एक वेगळे पत्र निघाले. शेजारच्या तालुक्यातील एका भगिनीने ते लिहिले आहे. नाव छापू नका, असे तिने सुरुवातीला लिहिले आणि शेवटी पुन्हा लिहिले. तिच्या पत्राचा सारांश असा :

‘आमचे यजमान बारा वर्षांपासून रोज दारू घेतात. आता सकाळीही लागते. गेल्या वर्षी त्यांनी श्रावण धरला. गटारीला शेवटची घेतली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटला, अन्न जाईना. त्याच रात्री फीट आली. जीभ चावली गेली, तोंडातून रक्त आले. सासूबाई म्हणाल्या, दारू याच्या रक्तात मुरली आहे, सोडली तर पोरगा हातचा जाईल. त्यांनीच दिरांना पाठवून बाटली आणवली. दोन घोट पोटात गेल्यावर थरथर थांबली. यंदा पुन्हा सोडतो म्हणतात. डॉक्टर, मी त्यांना सोडू द्यावी की नको?’

तीस वर्षांहून अधिक काळ मी या गावात दवाखाना चालवतो आहे. दारू सोडवण्यासाठी काय करू, असे विचारणाऱ्या शेकडो बायका पाहिल्या. दारू सोडू द्यावी की नको, असे विचारणारी ही पहिलीच. प्रश्न वेडगळ नाही. त्या सासूबाईही अडाणी नाहीत, त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच त्या बोलल्या. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आणि अर्धे खरे कधीकधी पुऱ्या खोट्याहून अधिक घात करते. म्हणून आजचा लेख त्या अर्ध्या सत्याविषयी.

तात्यांची गोष्ट

मी नुकताच शिकून आलो होतो आणि तालुक्याच्या गावी एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. बांधावरून घसरून नडगीचे हाड मोडलेले एक शेतकरी बैलगाडीतून आले. वय पन्नाशीच्या आत. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. प्लॅस्टर घातले, दाखल करून घेतले. कागद भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘काही व्यसन?’

तात्या म्हणाले, ‘तंबाखू. दुसरं काय न्हाई.’

खाटेभोवती सात-आठ माणसे उभी होती. त्यांची पत्नी पायथ्याशी होती. तिने मान खाली घातली. मी ते पाहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. आज तो कागद माझ्यापुढे असता तर त्याच जागी मी थांबलो असतो.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तात्यांना झोप नव्हती, हाताला कंप होता, नाडी जलद चालत होती. दुखण्यामुळे असेल असे मी समजलो. तिसऱ्या रात्री परिचारिकेने मला झोपेतून उठवले. तात्या खाटेवर उठून बसले होते. अंग घामाने निथळत होते आणि तापही होता. चादरीवरून मुंग्या वेचाव्यात तसे ते बोटांनी काहीतरी वेचत होते. मला ओळखेनात. आपण बाजारात आहोत असे समजून ते बैलाला हाका मारत होते, कुणाशी तरी किमतीवरून भांडत होते आणि प्लॅस्टरच्या पायावर उभे राहू पाहत होते. चार माणसांना आवरेनात.

त्यांची आई म्हणाली, ‘बाहेरचं लागलंय. अमावास्येला बांधावर गेला व्हता.’ मेव्हणे देवऋषीला आणायला निघाले. मीही फारसा शहाणा नव्हतो. ताप मेंदूत गेला असावा, हाड मोडल्याचा काही परिणाम असावा, असे तर्क मी करत होतो आणि कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगत होतो.

जिन्यात त्यांची पत्नी उभी होती. पदराचे टोक तोंडावर धरून म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, एक सांगू का? ते रोज घेतात. उठल्या उठल्या बी लागती. तीन दिस झालं, थेंब न्हाई पोटात.’

‘मग वहिनी, परवाच का नाही सांगितलंत?’

‘पोरीची सोयरीक चाललीया. मुलाचं चुलतं तिथंच खाटंपाशी हुबं व्हतं.’

तिने सांगितले तेव्हा निदान व्हायला एक मिनिट लागले नाही. मोठ्या डॉक्टरांना उठवले, योग्य इंजेक्शने सुरू झाली आणि पहाटे तात्यांना जीपमधून जिल्ह्याच्या गावी हलवले. सहा दिवसांनी ते भानावर आले. वाचले. परंतु तिने आणखी एक रात्र गप्प राहायचे ठरवले असते, किंवा देवऋषी आधी पोहोचला असता, तर तात्या वाचले असते असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हापासून मी हा प्रश्न चारचौघांत विचारत नाही. नातेवाइकांना बाहेर पाठवतो, दार लोटतो आणि मग विचारतो. ‘पिता का?’ असे नाही. ‘रोज किती लागते, आणि शेवटची कधी घेतली?’ असे.

दाराच्या दोन बाजू

दारू सोडल्यावर माणूस आजारी का पडावा? विष पोटात जायचे थांबले तर बरे वाटायला हवे. पण मेंदूचा हिशेब वेगळा असतो.

एका दाराला दोन माणसे दोन्ही बाजूंनी रेटत आहेत अशी कल्पना करा. दारू ही बाहेरून रेटणारी. ती मेंदूला सुस्त करते, गुंगी आणते. वर्षानुवर्षे रोज असा रेटा बसू लागला की मेंदू आतून उलटा रेटा द्यायला शिकतो. मेंदूत शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा आहे, गाबा नावाची, आणि चेतवणारी दुसरी आहे, ग्लुटामेट नावाची. रोजच्या दारूमुळे पहिली बोथट होते आणि दुसरी वाढते. म्हणूनच जुन्या पिणाऱ्याला पाव बाटली पिऊनही काही होत नाही. ‘आपल्याला चढत नाही’ असे तो अभिमानाने सांगतो. वस्तुतः हे बळाचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे.

आता बाहेरच्या माणसाने रेटणे एकदम सोडले तर काय होईल? आतला माणूस दारासकट बाहेर कोसळेल. दारू एकदम बंद केल्यावर मेंदूचे तेच होते. शांत करणारे कुणी उरत नाही आणि चेतवणारे मोकाट सुटते. हात कापतात, छाती धडधडते, घाम येतो, रक्तदाब चढतो, झोप उडते. फार झाले तर आकडी येते, भ्रम होतो.

या भ्रमाच्या अवस्थेला वैद्यकात ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात, म्हणजे थरकापासह होणारा भ्रम. हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी १८१३ साली दिले. दोनशेहून अधिक वर्षे हा आजार पुस्तकात आहे आणि आमच्याकडे अजून त्याला बाहेरची बाधा म्हणतात.

आजाराचे घड्याळ

हा आजार बराचसा घड्याळाप्रमाणे चालतो. म्हणूनच घरच्या माणसांना तो ओळखता येतो.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, बेचैनी, निद्रानाश सुरू होतो. आकडी यायची असेल तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या यजमानांना ती नेमकी दुसऱ्या दिवशी रात्री आली. काहींना याच काळात कानात आवाज येतात, भिंतीवर काही दिसते. खरा धोक्याचा काळ म्हणजे ४८ ते ९६ तास, अर्थात तिसरा आणि चौथा दिवस. भ्रम होतो तो तेव्हा. दिवस-रात्र कळत नाही, माणसे ओळखू येत नाहीत, किडे-मुंग्या-साप दिसतात, ताप चढतो.

सोडणाऱ्या प्रत्येकाला हे होते असे मुळीच नाही. पुष्कळांना दोन-चार दिवस कंप व निद्रानाश होऊन निभावते. भ्रमापर्यंत जाणारे शंभरात तीन ते पाच असतात. पण त्या थोड्यांसाठी आजार भयंकर आहे. पूर्वी योग्य उपचार नव्हते तेव्हा यातले तिनात एक रोगी दगावत. आज वेळेवर उपचार मिळाले तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक वाचतात. हा सगळा फरक औषधांचा आहे, आणि औषध द्यायचे तर आधी डॉक्टरला खरे कळावे लागते.

आमच्याकडे हे घड्याळ पंचांगाला बांधलेले आहे. आषाढ अमावास्येला घरात दिव्यांची पूजा होते आणि घराबाहेर गटारी. महिनाभराची भरपाई म्हणून त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त रिचवली जाते आणि दुसऱ्या दिवशी शून्य. रेटा वाढवायचा आणि मग एकदम सोडायचा! श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात आकडीचा, बडबडीचा एखादा तरी रोगी येतोच. कुणी माळ घातलेली असते, कुणी देवापुढे नारळ ठेवून शपथ घेतलेली असते, कुणी तुरुंगात गेलेला असतो, कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असते. कारणे निरनिराळी, घड्याळ एकच.

साऱ्या देशाने हे एकदा एकाच वेळी पाहिले. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. केरळात तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि तेथील उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे साधे होते, की अशा रोग्याला दारूची नव्हे, औषधाची चिठ्ठी द्यायला हवी. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा निर्बंध असताना आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसे दगावली. बाटली नुसती बंद केली आणि माणसाला तसेच सोडले, तर तो कुठे जाईल याचा नेम नसतो.

पाव बाटलीचा हिशेब

‘डॉक्टर, मी काही फार घेत नाही, एक क्वार्टर.’ हे वाक्य मी रोज ऐकतो. मग मी कागदावर हिशेब मांडतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. विलायती दारूच्या बाटलीवर बारीक अक्षरात ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे त्यात सुमारे ७७ मिलिलिटर, वजनाने सुमारे ६० ग्रॅम, शुद्ध मद्यार्क. निरोगी यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही नाही. एका क्वार्टरला सहा ते आठ तास लागतात.

रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे पाच-सहाला रक्तातून उतरते. आणि जुन्या पिणाऱ्याचे हात कधी कापतात? नेमके सकाळी उठल्यावर! चहाची बशी धरवत नाही, दाढी करता येत नाही. दोन घोट घेतले की हात स्थिर होतो आणि त्याला वाटते, दारूने ताकद आली. दारूने ताकद दिलेली नसते. दारू उतरल्याने जो आजार सुरू झाला होता, तो तिने काही तासांपुरता दाबलेला असतो. ज्याला सकाळी लागते, त्याला हा आजार रोज सकाळी थोडा थोडा होतच असतो.

बिअर म्हणजे दारू नव्हे, ही आणखी एक समजूत. आठ टक्के ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे दोन तृतीयांश क्वार्टर. दोन बाटल्यांत क्वार्टरहून अधिक होते.

आपले पिणे कुठवर आले आहे हे कळायला चार साधे प्रश्न आहेत. जॉन युइंग या अमेरिकन डॉक्टरांनी ते १९८४ साली प्रसिद्ध केले आणि जगभर वापरले जातात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? लोक तुमच्या पिण्यावर बोलतात त्याचा राग येतो का? पिण्याबद्दल कधी मनाला खाल्ले का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा नशा उतरवायला कधी घोट घेतला का? दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटावे. चौथ्याला ‘हो’ असेल तर, माझ्या मते, पुढचा आठवडाही थांबू नये.

घरी की दवाखान्यात?

आता कामाचे बोलू. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी लागणाऱ्याने, दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरांना भेटून सोडावी. तोवर रोजची दारू आपल्या मनाने एकदम बंद करू नये. एका डॉक्टराने हे वाक्य लिहावे हे विचित्र वाटेल. माझाही हात अडखळतो. पण त्याचा अर्थ ‘पीत राहा’ असा नाही. ‘आज-उद्याच डॉक्टरकडे जा’ असा आहे.

डॉक्टर काय करतात? मेंदूला शांत ठेवणाऱ्या डायझेपामच्या वर्गातील गोळ्या सुरुवातीला पुरेशा प्रमाणात देतात आणि आठवडा-दहा दिवसांत उतरवत बंद करतात. दाराला रेटणारा माणूस एकदम पळून न जाता पायरीपायरीने मागे सरावा, तसे. या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नयेत. दारूबरोबर घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो आणि मनाने चालू ठेवल्या तर त्यांचेच व्यसन लागते.

ज्याला पूर्वी कधी आकडी किंवा भ्रम झालेला नाही, दुसरा मोठा आजार नाही आणि घरात दिवसरात्र लक्ष ठेवणारे न पिणारे माणूस आहे, त्याच्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी उपचार होऊ शकतात. मात्र पूर्वी सोडताना आकडी आली असेल, कावीळ असेल, पोटात पाणी झाले असेल, रक्ताची उलटी झाली असेल, किंवा हृदयविकार असेल, तर दाखलच व्हावे. हा आजार दरवेळी अधिक जोराने येण्याची शक्यता असते. गेल्या वर्षी आकडी आली तर यंदा त्याहून वाईट होऊ शकते.

आकडी आलीच तर रोग्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूचे सामान दूर करावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. वाहन बोलवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

सलाईनची बाटली

आपल्याकडे कुणी लुळा पडला की नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ पिणाऱ्याच्या बाबतीत या बाटलीत एक खाच आहे. जुना पिणारा नीट जेवत नाही आणि दारूमुळे आतड्यातून बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, पुरेसे शोषले जात नाही. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो. हे जीवनसत्त्व नसेल तर मेंदूला साखर वापरता येत नाही. अशा रोग्याला थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. जर्मनीतील डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी या आजाराचे वर्णन १८८१ साली केले. रोगी गोंधळतो, डोळे विचित्र फिरतात, चालताना तोल जातो. वेळीच थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर तो सुधारतो. नाही मिळाले तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सकाळी काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाची मुलगी मला म्हणाली होती, ‘दारू सुटली त्यांची, डॉक्टर. पण ते सुटलेलं त्यांना आठवत नाही.’

म्हणून बाटली लावताना डॉक्टरांना सांगा, हे रोज घेतात. डॉक्टर आधी थायमिन देतील. इंजेक्शन महागाचे नाही. महाग पडते ते लपवणे.

‘रोग्याच्या न कळत’

भिंतींवर आणि छोट्या जाहिरातींत एक वाक्य आपण सगळ्यांनी वाचले आहे, की रोग्याच्या न कळत दारू सोडवा. भाजीत, चहात मिसळायची पुडी असते. पुडीत काय आहे ते घेणारीलाही ठाऊक नसते. अशा पुड्यांत कधीकधी डायसल्फिरम हे खरे औषध दळून घातलेले असू शकते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये संशोधकांच्या ध्यानात आले, की हे औषध पोटात असताना दारू घेतली तर दारूचे पचन अर्ध्यावर अडते आणि एक विषारी द्रव्य अंगात साठते. चेहरा लालबुंद होतो, डोके फुटेल असे वाटते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असे होऊ शकते.

समजून-उमजून, तपासण्या करून घेणाऱ्याला हे औषध उपयोगी पडते. ‘आज गोळी घेतली आहे, आज पिता येणार नाही’ हे त्याच्या मनाला बळ देते. पण ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीप्रमाणे गुत्त्यावर जाईल, पिईल आणि तिथेच कोसळेल. हृदय कमजोर असेल तर जीवही जाईल. मायेपोटी भाजीत पुडी कालवणाऱ्या आया-बहिणींना मी दोष देत नाही. पण ते करू नका. आणि नवऱ्याला पुढे कळले, तर घरातल्या ताटावरचा त्याचा विश्वासही उडतो.

थरथर थांबल्यानंतर

दहा दिवसांनी हात स्थिर होतो, भूक लागते, झोप येते. घरात आनंद होतो आणि तिथेच पुष्कळांचा घात होतो. शरीरातून दारू निघाली म्हणजे ती सुटली असे नाही. मन, सवय, मित्र, संध्याकाळची ती वेळ, हे सगळे जागच्या जागी असते. हे काम औषधाच्या बाटलीने होत नाही, माणसांनी होते.

१९३५ साली अमेरिकेत अक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि एकमेकांच्या आधाराने सुटले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या बैठका आज आपल्या अनेक गावांतून मराठीत होतात. फी नसते, नाव विचारत नाहीत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. ज्यांना गावातल्या डॉक्टरसमोर लाज वाटते, त्यांनी तिथे विचारावे.

पुन्हा प्यायला तर? पुष्कळजण पितात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा औषध देतो. इथेही तसेच. यकृताला तर दर संधीचा फायदा होतो. यकृतात नुसती चरबी साठली असेल तर दारू बंद केल्यावर चार-सहा आठवड्यांत ती बरीच ओसरते. यकृत एकदा दगडासारखे निबर झाले की मात्र ते पूर्ववत होत नाही.

ताईंना उत्तर

तर ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : सोडू द्या. जरूर सोडू द्या. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावे, तुमची भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा इलाज बाटलीत नाही. दारू सोडल्याने माणूस मरत नाही. न सांगता, एकट्याने, एकदम सोडल्याने मरू शकतो.

अमावास्येची वाट पाहू नका. त्याआधीच यजमानांना घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि दाखल करा. गेल्या वर्षी आकडी आली होती, म्हणून घरी प्रयोग नको. शक्य झाले तर सासूबाईंनाही बरोबर न्या. डॉक्टर विचारतील तेव्हा तीन गोष्टी स्पष्ट सांगा : रोज किती लागते, शेवटची कधी घेतली, आणि फीट आली होती ती कोणत्या दिवशी. भोवती नातेवाईक असतील तर डॉक्टरांना म्हणा, ‘जरा बाजूला बोलायचं आहे.’ कुठलाही डॉक्टर समजेल.

तात्यांच्या मुलीची सोयरीक पुढे झाली की नाही, असे तुमच्या मनात आले असेल. झाली. मुलाच्या त्या चुलत्यांनीच ती घडवून आणली. ते म्हणाले, ‘वहिनी, आमच्या घरात काय कुणी पीत न्हाई व्हय? आधी सांगायचं.’ तात्यांनी त्यानंतर दोनदा पुन्हा घेतली आणि तिसऱ्यांदा सोडली ती सोडलीच. दर वर्षी पहिल्या श्रावण सोमवारी ते एसटीने यायचे, दवाखान्याच्या दारात चप्पल काढायचे आणि नाडी तपासायला हात पुढे करायचे. मी नाडी पाहत नसे. बोटे पाहत असे.